पलीकडे बसलेला

गळ धरायला मी हौसेनं शिकले नाही, हे आधीच सांगून ठेवते. आम्हा कुणब्यांच्या घरात मासे खातात, पण पकडत नाहीत. पकडणारे वेगळे. माझ्या वांकिडीकडच्या माहेरी नदीसुद्धा नव्हती. एक ओढा होता, होळी झाली की त्यात नुसती रेती. मला पाणी माहीत ते विहिरीचं, खाली वाकून पाहायचं. तरी मी आयुष्याची कितीतरी वर्षं प्राणहितेच्या काठी गळ टाकून बसले. शाळेत मी गेले नाही. अक्षरं पुतण्यांच्या पाटीवरून उचलली, म्हणून बोलते तसंच लिहिते. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

लग्न होऊन बेज्जूरच्या बाजूला सासरी आले तेव्हा मी पंधरा-सोळाची असेन. गाव जंगलाच्या पोटात आणि गावापुढं नदी. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे दुसरं. ते वर्ष रझाकारांच्या धाकाचं होतं. गावातले तरणे पुरुष एक-एक करून पलीकडे जात होते, म्हणजे इथं धरपकड नको. आमचे धनीही गेले. लग्नाला चार महिने झाले होते. चार महिने म्हटले तर पुष्कळ वाटतात, पण सासू-सासऱ्यांच्या घरात नवी सून नवऱ्याकडे मान वर करून बघते थोडीच. मला त्यांची पाठ माहीत होती. पायांच्या भेगा माहीत होत्या. बाजेवर न बसता जमिनीवर बसायचे, डावा गुडघा वर घेऊन, त्यावर हात टाकून. खोकला ओळखू यायचा. चेहरा विचाराल तर तुकड्या-तुकड्यानं आठवायचा, पुरा कधी जुळायचा नाही. ही गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

जाताना त्यांनी आईला सांगितलं, ज्वारी काढायच्या आत येतो. नावाड्यानं डोंग्यातून त्यांना नदीच्या मधल्या रेतीवर सोडलं. पुढचं पाणी गुडघाभर होतं, ते चालत जाणार होते. नावाडी परत फिरला. पलीकडे पोचताना त्यांना कोणी पाहिलं नाही.

पुढं निजामाचं राज्य गेलं. बेज्जूरच्या कचेरीवर नवा झेंडा लागला. पलीकडे गेलेले पुरुष परत येऊ लागले. कोणी दाढी वाढवून आला, कोणी तिकडचा सदरा घालून. आमच्या घरी कोणी आलं नाही. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पलीकडच्या गावांत माणूस पाठवला. असा कोणी इकडे आलाच नाही म्हणाले.

मी पाण्याला जायची आणि घागर भरून उभीच राहायची. पलीकडचा काठ निळसर दिसायचा. झाडं दिसायची, माणूस दिसला तर उभ्या काडीएवढा. बायका बोलू लागल्या. काठावर एक म्हातारी ढिवरीण राहायची, मासे धरणाऱ्या जातीची. जाळं पुरुषांचं, म्हणून ती गळ टाकायची. एक दिवस ती जवळ आली आणि म्हणाली, "लेकी, नुसती उभी राह्यशील तं लोक येडी म्हनतीन. हातात गळ धर. गळ धरून बसलेल्या मान्साले कोनी काई इचारत नाई."

असा माझा गळ सुरू झाला.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मी भीतभीत विचारलं. त्या चुलीपुढं होत्या. म्हणाल्या, कुणब्याची सून आता ढिवरीण होणार, मग डोक्यावर टोपलं घेऊन बाजारातही बस.  थोड्या वेळानं त्यांनीच शिवणकामाची जाड सुई काढून माझ्यापुढं टाकली. तिकडं कोणीतरी आपलं नदीवर नजर ठेवून असावं, असं त्यांनाही वाटत असणार.

सुई दिव्यावर लाल करून म्हाताऱ्या ढिवरिणीनं तिचा आकडा वाकवला. दांडी बांबूची. दोरीला मेण चोळलं. पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा आतला भेंड, बोटभर. खाली दोरी बुडावी म्हणून एक भोक असलेला खडा. गांडूळ आकड्यात कसं ओवायचं ते तिनं दाखवलं तेव्हा मी तोंड फिरवलं. ती हसली. म्हणाली, मासा तोंड फिरवत नाही ना, बस मग.

पहिले आठ दिवस मला काहीच मिळालं नाही. भेंड हलला की मी झटका द्यायची आणि रिकामा आकडा तोंडावर यायचा. म्हातारी सांगायची, भेंड हलते तेव्हा मासा चाखून पाहतो, खाली जाते तेव्हा गिळतो. हललं की थांब, बुडलं की ओढ. सावली पाण्यावर पडू देऊ नको. पहिला मासा नदीला परत दे. आणि पाण्यावर कोणाला नावानं हाक मारू नको. ढिवर लोक नदीवर एकमेकांना नुसतं "ओऽ" करतात, बापलेकसुद्धा. मी कारण विचारलं. म्हणाली, नदी नाव ऐकून ठेवते. मग ती स्वतः हाक मारते, आणि माणूस ओ देतो.

मला हसू आलं होतं. नवऱ्याचं नाव तर मी तसंही घेत नव्हते. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं पदराला गाठ मारल्यासारखं शिकवलेलं. मी कोणाला हाक मारणार?

पहिला मासा नवव्या दिवशी लागला. एवढीशी मरळ. म्हातारीनं सांगितलं तशी परत सोडली, आणि सोडता सोडता वर पाहिलं तर पलीकडे कोणीतरी बसलं होतं.

अगदी माझ्यासमोर. मी अर्जुनाच्या झाडाखाली बसायची, ते एका काळ्या खडकापाशी. भर दुपारची वेळ, नदीवर चिटपाखरू नाही, पाणी तापून पांढरं झालेलं. इतक्या लांबून काय दिसणार? पण बसणं दिसलं. एक गुडघा वर, त्यावर हात.

मी म्हातारीला विचारलं, "समोर बसला हाय, दिसते का वो?"

ती म्हणाली, "बाई, मले दोन हातापुढं दिसत नाई. भेंड तरी तूच पाय."

दुसऱ्या दिवशी तो होता. तिसऱ्या दिवशीही. मी येऊन बसले की थोड्या वेळात नजर वर जायची आणि तो तिथं असायचा. येताना मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याच्या हातातही गळ होता असं वाटायचं. मी दांडी उचलली की तो उचलायचा. मी गांडूळ लावायला वाकले की तो वाकायचा. पण त्याला मासा लागलेला मी कधी पाहिला नाही, की बिडीचा धूर पाहिला नाही. म्हातारीचं कुत्रं माझ्याबरोबर यायचं ते येईनासं झालं. चार शेतं अलीकडे थांबून माझ्याकडे बघायचं. माझ्याकडे म्हणते खरी. ते माझ्या थोडं बाजूला बघायचं.

भीती वाटायची का? वाटायची. पण न जाण्याची भीती जास्त होती. मला मासे लागू लागले होते. शिंगटा, वाम, कधी हातभर लांबीची मरळ. आत्याबाई मासे साफ करता करता सहज विचारल्यासारखं विचारायच्या, काय दिसलं आज? मी म्हणायची, पाणी. त्या बसलेल्याबद्दल मी दोन वर्षं घरात कोणाला बोलले नाही. बोलले आणि तो नाहीसा झाला तर?

मग आत्याबाईंना स्वप्नं पडू लागली. मुलगा दारात उभा आहे, अंगावरून पाणी गळतं आहे, भूक लागली म्हणतो. त्या उठून वाढायला जातात तोवर दारात नुसती ओल. एकदा पडलं, दोनदा पडलं, मग रोज. त्या जेवेनाशा झाल्या. गावातल्या भटजींनी सांगितलं की बारा वर्षं वाट पाहायची असते, पण आईला दिसत असेल तर जीव अडकला आहे. पळसाचा पुतळा करून मोकळं करा.

ज्याचा देह सापडत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. तीनशे साठ पानं लागतात. डोक्याच्या जागी नारळ. तो जळला की तो माणूस मेला. मग माझं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, पुढची सगळी वर्षं पांढऱ्या कपाळानं काढायची. तेव्हा मी अठरा-एकोणीसची होते. आणि समोर रोज तो बसत होता.

पानं मीच तोडून आणली. दुसरं कोण आणणार? दीर शेतावर. आमच्याकडे पळसाला काय कमी. पडवीत बसून आत्याबाई पानं दोऱ्यानं बांधायच्या, मी मोजून द्यायची. पाय झाले, हात झाले. मग त्यांनी मला विचारलं, उंची किती होती गं त्याची, तुला अंदाज आहे का? मी दाराच्या चौकटीकडे पाहिलं. ते आत येताना वाकायचे, इतकंच मला माहीत होतं. मी उठून चौकटीवर हात ठेवला. इथपर्यंत असतील, मी म्हटलं. आत्याबाईंनी दोरीनं तेवढं माप घेतलं. पडवीत ते आडवं झालं तेव्हा त्याला त्यांचंच धोतर नेसवलं, आणि मी पदर पुढं ओढून घेतला. घरात पुरुष झोपला आहे असंच वाटत होतं. नारळाला तोंड नव्हतं. मला आठवायचा तसाच तो चेहरा.

अवसेच्या दिवशी दुपारी आम्ही नदीवर गेलो. मामांनी मडक्यात विस्तव घेतला होता. चार भाऊबंद, भटजी, आत्याबाई, मी; म्हातारी ढिवरीणही येऊन मागं उभी राहिली. अर्जुनाच्या झाडापासून दहा पावलांवर लाकडं रचली आणि पुतळा वर ठेवला. भटजी पुटपुटत होते. मी खाली बघायचं ठरवलं होतं, पण नजर आपोआप वर गेली.

तो बसला होता.

मी आत्याबाईंचा हात धरला. म्हटलं, ते पाहा, समोर, काळ्या खडकापाशी. सगळे बघू लागले. पाण्यावर ऊन चमकत होतं. एक म्हणाला खोड आहे. दुसरा म्हणाला मगर आहे, ऊन खात पडली आहे. मामा डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, खोड होये ते. दोन वर्षांपासून म्याही पाहून राह्यलो."

म्हणजे त्यांनाही दिसत होतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

ते मडकं घेऊन पुढं झाले. आता सांगते ते नीट ऐका, कारण नंतर लोकांनी याचं पुष्कळ काही केलं. मी पाण्यात घोट्यापर्यंत गेले आणि नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. उखाण्यात घेतात तसं लाजून नाही. शेतावरून गड्याला बोलावतात तसं, छाती भरून. ते नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे आहे.

माझ्यामागे म्हातारी ढिवरीण "नको, नको लेकी" म्हणत होती. भटजी थांबले. नदीवरून हाक गेली, आणि परत आली नाही. जंगल इतकं जवळ असून पडसाद नाही.

आणि पलीकडचा उठून उभा राहिला.

आत्याबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "उठला. माहा उठला." मामांच्या हातातलं मडकं रेतीत पडून फुटलं आणि विस्तव विझला. खोड उठत नसतं, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. सगळ्यांनी पाहिलं होतं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग नव्हता. झाडीत गेला असं भाऊबंद म्हणाले. मी त्याला जाताना पाहिलं नाही.

पुतळा जाळला नाही. जिवंत माणसाला कसा जाळणार? मामांनी दोऱ्या सोडल्या, मी धोतर घडी करून काखेत घेतलं, नारळ परत देवापाशी गेला. पानं पाण्यात सोडली. ती धारेबरोबर खाली वाहत जायला पाहिजे होती. काही गेली. बाकीची आमच्या पायांपाशीच फिरत राहिली, अर्जुनाच्या मुळांना लागून, संध्याकाळपर्यंत.

माझं कुंकू राहिलं. आत्याबाईंची स्वप्नं थांबली. त्या जेवू लागल्या. रोज एक भाकरी जास्त थापायच्या. मामांनी पुन्हा पलीकडे माणूस पाठवला. तो तेच उत्तर घेऊन आला. जीव वाचला पण मन फिरलं असेल, राग असेल, तिकडं दुसरं घर केलं असेल, गाव काय वाटेल ते बोलायचं. मी ऐकून घ्यायची. विधवेपेक्षा टाकलेली बरी, असं मी मनाशी म्हणायची.

मी रोज गळ टाकत होते. पण त्या दिवसानंतर काळ्या खडकापाशी कोणी दिसलं नाही.

काही वर्षं गेली. म्हातारी ढिवरीण वारली. मग राज्यं पुन्हा वाटली जाऊ लागली. आमचा जिल्हा तेलुगू राज्यात गेला, पलीकडचा काठ मुंबईच्या राज्यात. पुतण्याच्या शाळेत मास्तर नवे आले, तेलुगू शिकवणारे. आणि गावात बातमी उठली की आता नदीवर परत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका बसणार, निजामाच्या वेळेसारखा, कागद दाखवल्याशिवाय पलीकडे जाता येणार नाही. तसं काही झालं नाही, पण तेव्हा आम्हाला ते खरंच वाटलं. आत्याबाई मला म्हणाल्या, "आता नाई गेली तं कधीच नाई जाशीन. जाय, पाहून ये त्याले."

मी डोंग्यातून पलीकडे गेले. जन्मात पहिल्यांदा नदी ओलांडली. मधली रेती आली तेव्हा मी डोळे मिटले. उतरून काठाकाठानं चालत निघाले. आमचं अर्जुनाचं झाड इकडून ओळखू येत होतं, त्याच्या अगदी समोर येईपर्यंत चालले. काळा खडक सापडला. त्याच्याखाली सरळ कडा होता, ताडाएवढा, पाण्यात उतरलेला. बसायला हातभरही जागा नव्हती.

थोड्या वरच्या अंगाला एक बाई कपडे धूत होती, माझ्याच वयाची. मी तिला विचारलं, या खडकापाशी एक माणूस गळ टाकून बसायचा, तो कुठं असतो? ती धुणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, इथं कोण बसणार, खाली मगरी आहेत, आमची ढोरंसुद्धा इकडं येत नाहीत.

मग हसली आणि म्हणाली, "बसत जाय ते तुमच्या काठावर. त्या झाडाखाली. नवराबायको."

मी म्हटलं, कोण नवराबायको?

"आता मले काय माहीत? बाई पुढं, गळ घेऊन. माणूस तिच्या मागं बसे, एक गुडघा वर करून. ती उठली की थो उठे. आमी पोरीपोरी हसत जावो, म्हनो, पाय, बायको मासे धरते अन् हा बसून राह्यते."

 मी विचारलं, किती दिवस?

ती आठवत राहिली. पुष्कळ वर्षं म्हणाली. एकदा तिथं लोक जमले होते, लाकडं रचली होती, तेव्हा तो उभा राहून त्या बाईच्या अगदी पाठीशी येऊन थांबला होता. त्याआधी दूर बसायचा, झाडाच्या बुंध्यापाशी. त्यानंतर जवळ बसू लागला.

"अन् आता?"

"आता बी बसते. काल होता."

काल मी गेले होते. एक शिंगटा लागला होता.

परतीच्या डोंग्यात मी आमच्या काठाकडे तोंड करून बसले नाही. पलीकडच्या काठाकडे बघत बसले, काळा खडक लहान होत जाईपर्यंत. मग तिकडेही बघवेना, म्हणून डोंग्याच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे बघितलं. नावाडी म्हणाला, बाई, काठ आला. मी उतरले, अर्जुनाच्या झाडाकडे न बघता त्याच्याजवळून गेले, आणि घरापर्यंत पावलं मोजत आले. माझीच. दुसरी मोजायची नव्हती.

आत्याबाई दारात बसल्या होत्या. भाकरी झाकून ठेवलेली होती.

"दिसला का?"

आता मी काय सांगायचं होतं? खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पळसाची पानं आली असती. माझं कपाळ गेलं असतं त्याचं मी बघून घेतलं असतं, पण आत्याबाईंच्या दारात पुन्हा ओल आली असती. आणि खोटं बोलावं तर खोटंही मला सापडेना.

"हाव," मी म्हटलं. "दिसला."

"कसा हाय?"

"बसला हाय, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली. यायचं म्हणतो का, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, थो लहानपणीबी असाच, एका जागी बसला की उठायचा नाई. आणि झाकलेली भाकरी त्यांनी माझ्यापुढं सरकवली.

दुसऱ्या दिवशी मी नदीवर गेले. जायचं नाही असं पहाटे ठरवलं होतं, तरी गेले. नेहमीपेक्षा हातभर पुढं बसले, म्हणजे मागं जागा राहावी. मागं वळून पाहिलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. पहिला मासा लागला, तो नदीला दिला. दुसरा लागला तो आकड्यातून सोडवून, न बघता, पाठीमागं रेतीवर ठेवला.

उठले तेव्हा मासा तिथंच होता, वाळलेला. मी तो घरी नेला नाही.

आत्याबाई गेल्या, मग मामा गेले. पुतण्याला आदिलाबादला नोकरी लागली आणि मी त्याच्या घरी आले. कुंकू मी अजून लावते. कोणी विचारत नाही. पुतण्याची सून माझी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवते, म्हणते आजी, पाठीला आधार राहील. ती आत गेली की मी उठते आणि खुर्ची भिंतीपासून हातभर पुढं ओढून घेते.